लातूर गोलाईजवळचं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान, जरूर जावा

बहिणीचा लॅपटॉप 6 वर्षं जुना, ती नीटची तयारी करायलीय, लेक्चर सगळे त्याच्यावरच, अन् तो चालू व्हायलाच 5 मिनिटं घ्यायलता. आधी एका दुकानात नेला तर त्यानं तपासायच्या आधीच सांगून टाकलं, मेमरी फुल झाली, 2 टीबीची हार्ड डिस्क टाका. बाबा पैसे काढायलेच होते, मीच थांबवलं. मग मित्रानं या दुकानाचा पत्ता दिला. पहिला मजला, छोटा जिना, पाटी पण धड दिसत नाही.

इथल्या भाऊनं आधी टास्क मॅनेजर उघडून दाखवलं, डिस्क 100 टक्के कामात गुंतलेली अन् 4 जीबी रॅम जवळजवळ भरलेली. बाबा म्हणले 1 टीबीची मेमरी असून कमी कशी पडती? बाबांची आडत आहे कळल्यावर त्यानं तिथूनच धरलं, "काका, हार्ड डिस्क म्हणजे तुमचं गोदाम, रॅम म्हणजे समोरचा ओटा. सौदा ओट्यावर होतो. तुमचा ओटा छोटा हाय अन् गोदामातून पोती आणणारा हमाल म्हातारा झालाय, गोदाम वाढवून काय करता?" लोक दोन्हीला मेमरीच म्हणतेत अन् तिथंच फसतेत, हे त्याचं म्हणणं मला एकदम पटलं.

म्हातारा हमाल म्हणजे ती 5400 आरपीएमची डिस्क, आत तबकडी मिनिटाला 5400 वेळा फिरती अन् डोकं जागा हुडकत पळतं. तिच्या जागी टाकायची ती एसएसडी, काम डिस्कचंच, पण आत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. मी आधीच ऑनलाइन एक एम डॉट टूची एसएसडी बघून ठेवली होती, ती दाखवली तर म्हणला बरं झालं घेतली नाही. एम डॉट टू हा फक्त आकार हाय, त्यात साटा पण येते अन् एनव्हीएमई पण, हे जोडणीचे दोन वेगळे प्रकार. साटाच्या पट्टीला सोनेरी दातांत बहुतेक दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक, दोन्ही पट्ट्या हातात देऊन दाखवल्या. आमच्या लॅपटॉपचा स्लॉट फक्त साटा घेणारा, म्हणजे मी बघितलेली एनव्हीएमई चाललीच नसती. साटा सेकंदाला साधारण 550 एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई कितीतरी पुढं, पण जुन्या डिस्कपुढं साटा पण लई झाली.

शेवटी 512 जीबीची साटा एसएसडी अन् 8 जीबी डीडीआर4 रॅम टाकली. चालू केल्यावर विंडोजमध्ये दिसले 476 जीबी, बाबा लगेच, "माप मारलं की रे!" त्यानं शांतपणे सांगितलं, कंपनी 1000 च्या हिशोबानं मोजती, विंडोज 1024 च्या, माल तेवढाच हाय, माप वेगळं. कागदावर भागाकार करून दाखवला तेव्हा बाबांना पटलं.

बिलावर सिरीयल नंबर लिहून दिला, 3 वर्षांची वॉरंटी, मजुरी 300. गाडी लावायला जागा नाही अन् 3 तास बसावं लागलं, झालं की फोन करायला पाहिजे होता, तेवढं सुधरा.

जुनी डिस्क केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरून जोडून वापरायच्या डबीत, टाकून द्या म्हणलो तर त्यानं तपासून बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले भाग, दाखवले अन् केसिंग विकलंच नाही. ताईच्या नोट्स एका पेनड्राइव्हवर पण ठेवा म्हणला, एसएसडी जाती तेव्हा हार्ड डिस्कसारखी आधी टकटक करत नाही.