नवी सिस्टिम घ्यायची की जुनीच नीट करायची?

अंधेरीच्या एमआयडीसीत असो की वसईच्या गाळ्यात, खरेदी आणि स्टोअर सांभाळणाऱ्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. इंडेंट, म्हणजे माल मागवण्याचा कागद, आठवडा-आठवडा टेबलावर पडून राहतं, स्टॉक रजिस्टरमध्ये एक दिसतो आणि रॅकवर भलताच निघतो. त्यात कुणीतरी ईआरपीचा, म्हणजे खरेदी, स्टॉक आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेमो घेऊन हजर होतं. माझा कल दुरुस्तीकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण काही ठिकाणी दुरुस्ती म्हणजे शुद्ध वेळकाढूपणा असतो.

खर्च

कोटेशनमध्ये लायसन्सचा आकडा ठळक असतो. खरा खर्च जुना डेटा साफ करण्यात जातो. तुमची एक्सेल शीट उघडून बघा: ‘बेअरिंग ६२०५ झेडझेड’, ‘६२०५-२झेड’ आणि ‘बेरिंग ६२०५ (पंपाचं)’. माल एकच, नोंदी तीन, आणि तिन्हींचा स्टॉक वेगळा. हे तसंच नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवलंत तर तेही तीन बेअरिंगच दाखवणार, फक्त रंगीत ग्राफसकट. प्रत्येक वस्तूला एकच कोड देण्याचं काम दोन्ही वाटांवर करावंच लागतं. मग ते आधी करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या तर कोटेशन थांबवता येईल.

जुन्या पद्धतीतलं न दिसणारं काम

खरा फरक इथे पडतो. ओळखीच्या एका कारखान्यात इंडेंटवर तीन सह्या लागायच्या. तिसरी अकाउंट्समधल्या ताईंची, आणि त्यापायी दोन दिवस जायचे. नव्या सिस्टिममध्ये ती पायरी उडवली. काही दिवसांतच दुसऱ्या गाळ्यात पडून असलेलेच गॅस्केट पुन्हा खरेदी होऊ लागले. ताई सही करण्याआधी त्या गाळ्याचं रजिस्टर चाळायच्या. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरवाल्यालाही कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या गाळ्याचा स्टॉक स्टोअरकीपरलाच दिसेल अशी सोय आधी केली असती, तर ती सही खुशाल काढता आली असती.

म्हणून जी पायरी फालतू वाटते, ती करणाऱ्या माणसाशेजारी एक दिवस बसा. मीटिंगमध्ये विचारू नका. तिथे सगळे ‘प्रोसिजर आहे साहेब’ एवढंच सांगतात.

जोखीम

दुरुस्ती फसली तर मागे फिरता येतं. एका झटक्यात केलेल्या बदलात ते जमत नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका सरसकट ऑनलाइन तपासायला घेतल्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, निकाल रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. पडद्यावर पेपर तपासण्यात वावगं काही नाही. पण सगळ्या शाखा एकाच हंगामात त्यात लोटल्या, आणि घोळ तिथेच झाला.

याच शहरात उलटं उदाहरणही आहे. १९२५ मध्ये बोरीबंदर-कुर्ला विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. गाड्या लांब झाल्या, फेऱ्या वाढल्या, तशी ती व्यवस्था अपुरी पडू लागली. नुसत्या डागडुजीने भागणारं नव्हतं. पश्चिम रेल्वेचं २५,००० व्होल्ट एसीवरचं रूपांतर २०१२ मध्ये पूर्ण झालं, हार्बरचं २०१६ मध्ये. मधल्या काळात दोन्ही व्होल्टेजवर चालणारे रेक होते, त्यामुळे टप्प्याटप्प्याने काम झालं आणि लोकलही चालत राहिली.

मग कुणी काय करावं?

अडचण नियमांची, नावांची किंवा ‘हे कुणाचं काम’ याची असेल तर दुरुस्ती. साधनच कमी पडत असेल तर बदल: दहा जण एकाच एक्सेलमध्ये लिहितात आणि रोज एकमेकांच्या नोंदी पुसतात, तिथे शिस्तीचे धडे देऊन उपयोग नाही. कायदाही कधी निकाल लावतो. तुमची कंपनी कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल आणि हिशेब सॉफ्टवेअरवर ठेवत असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद राखणारं, ती बंद न करता येणारं ऑडिट ट्रेल असलंच पाहिजे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते नसेल तर चर्चा संपली. प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारी फर्मला हा नियम लागू नाही, तेव्हा विक्रेत्याने घातलेल्या भीतीला बळी पडू नका.

बदलायचं ठरलंच तर विक्रेता बहुधा १ एप्रिल सुचवेल. ओपनिंग बॅलन्स चढवायला ती तारीख सोयीची, पण नेमकं तेव्हाच स्टोअरची माणसं स्टॉक मोजण्यात गुंतलेली असतात. दिवाळीचा माल निघून गेला की एकाच गाळ्यात, एकाच प्रकारच्या मालासाठी जुनं रजिस्टर आणि नवं सॉफ्टवेअर सोबत चालवा. एप्रिलमध्ये बाकीचे गाळे घ्यायचे की नाहीत, ते या दोन्हींचे आकडे जुळतात का ते बघून ठरवा.