तीन कंपन्यांचे स्विच आणि एक नेटवर्क: सोलापुरातील एका सेवेचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टॉवेल कारखान्याचे नेटवर्क गरजेप्रमाणे, तुकड्यातुकड्यांनी वाढत गेले आहे. कार्यालयात सिस्कोचा कॅटॅलिस्ट स्विच (अनेक यंत्रे केबलने एका नेटवर्कला जोडणारी पेटी) आहे, लूमशेडमध्ये एचपीचा प्रोकर्व्ह आणि गोदाम व पॅकिंगच्या बाजूला टीपी-लिंकचा लहान स्मार्ट स्विच. तिन्ही यंत्रे चांगली चालत होती. पण कॅमेरे, हिशेबाचे संगणक, लूमच्या उत्पादनाची नोंद घेणारी यंत्रणा आणि पाहुण्यांचे वाय-फाय हे सगळे एकाच नेटवर्कवर होते. एके दिवशी पॅकिंगमधील एका मुलाने मोबाईलला रेंज मिळावी म्हणून घरचा जुना वाय-फाय राउटर आणून भिंतीतील पोर्टला जोडला आणि तो राउटर सगळ्या कारखान्याला स्वतःच्या पद्धतीने आयपी पत्ते वाटू लागला. माल रवाना करण्याच्याच दिवशी बिले निघेनात, हजेरीचे यंत्र सर्व्हरला सापडेना. कारण शोधण्यात सकाळचे चार तास गेले. त्याच दिवशी व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विच-केबलांवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली आणि क्रमांकाने ओळखली जाणारी नेटवर्के, करून घेण्याचे ठरले.

त्यासाठी आधी ज्यांना बोलावले होते, त्यांच्याविषयी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून या परीक्षणातील सेवेचे मोल लक्षात येणार नाही. ते गृहस्थ सिस्कोच्या कामात सराईत होते. सिस्कोच्या भाषेत अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या पोर्टला ‘ट्रंक’ म्हणतात, म्हणून त्यांनी लूमशेडमधील प्रोकर्व्हवरही ‘ट्रंक’ ही आज्ञा शोधून दिली. प्रोकर्व्हच्या भाषेत मात्र ट्रंक म्हणजे दोन-चार पोर्ट एकत्र बांधून केलेली जाड वाहिनी, आणि असा गट तयार झाला की त्यातील पोर्ट आपले आधीचे व्हीलॅन सोडून मूळच्या व्हीलॅनमध्ये जाऊन बसतो. शेडमधील सगळे कॅमेरे एकदम गेले आणि स्विच खराब आहे, नवा घ्या, असा सल्ला आम्हाला मिळाला. स्विचमध्ये काहीही बिघाड नव्हता. एकच शब्द दोन कंपन्यांनी दोन अर्थांनी वापरला होता, एवढेच.

त्यानंतर ओळखीतून नवी पेठेतील या लहानशा नेटवर्क सेवेकडे गेलो. त्यांच्या कामाची पद्धत पहिल्याच भेटीत वेगळी वाटली. आलेल्या इंजिनिअरांनी लॅपटॉप उघडलाच नाही. एका मोठ्या कागदावर तीन स्विच काढले, प्रत्येक पोर्टला काय जोडले आहे ते केबल हाताने ओढून पाहत लिहिले आणि म्हणाले, “साहेब, आधी हा तक्ता तुम्ही वाचून बरोबर आहे म्हणा, मग मी आज्ञा देतो.” तक्त्यात प्रत्येक पोर्टसमोर तीन रकाने होते: कोणता व्हीलॅन, टॅगसह (म्हणजे माहितीवर व्हीलॅनच्या क्रमांकाची खूण लावून) की टॅगशिवाय, आणि टॅगशिवाय आत येणाऱ्या माहितीला कोणता क्रमांक द्यायचा. हेच तीन प्रश्न तिन्ही कंपन्यांना लागू पडतात. फक्त त्यांची उत्तरे प्रत्येक यंत्रात वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या शब्दांत लिहावी लागतात.

याचे कारण त्यांनी समजावून सांगितले, आणि ते मला मोलाचे वाटले. व्हीलॅनचे मानक एकच आहे, आयईईईचे ८०२.१क्यू, जे १९९८ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्यानुसार टॅगसह पाठवायच्या इथरनेटच्या प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे माहितीच्या पाकिटात, ४ बाइटचा टॅग घातला जातो आणि त्यातील १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. म्हणजे ० ते ४०९५ असे क्रमांक होतात. पहिला आणि शेवटचा राखीव असल्याने ४०९४ वापरता येतात. तारेवरून जाणारा हा टॅग सिस्कोचा असो वा टीपी-लिंकचा, अगदी सारखाच असतो. फरक आहे तो तारेच्या अलीकडे, सेटिंगच्या भाषेत. सिस्को पोर्टकडून विचार करते: हा पोर्ट ॲक्सेस (एकाच व्हीलॅनचा) आहे की ट्रंक. प्रोकर्व्ह व्हीलॅनकडून विचार करते: या व्हीलॅनमध्ये कोणते पोर्ट टॅग्ड आणि कोणते अनटॅग्ड. लहान स्मार्ट स्विचमध्ये सदस्यत्वाचे एक पान असते आणि पीव्हीआयडीचे, म्हणजे टॅगशिवाय आत येणाऱ्या माहितीला द्यायच्या क्रमांकाचे, दुसरे, आणि दोन्ही पाने स्वतंत्रपणे भरावी लागतात.

हे दुसरे पान विसरले तर काय होते, ते त्यांनी गोदामातील एका कॅमेऱ्यावर मुद्दाम करून दाखवले. पाचवा पोर्ट व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड केला, पण पीव्हीआयडी १ वरच ठेवला. कॅमेऱ्याचा दिवा हिरवा लागला, पोर्टचा दिवाही लुकलुकत होता, पण कार्यालयातील पडद्यावर चित्र येईना. रेकॉर्डरकडून निघालेली माहिती व्हीलॅन २० मधून कॅमेऱ्यापर्यंत नीट पोहोचत होती; कॅमेऱ्याचे उत्तर मात्र स्विचमध्ये शिरताक्षणी व्हीलॅन १ मध्ये पडत होते. मग त्या रकान्यात २० लिहिले आणि दोन सेकंदांत गोदामाचे दार पडद्यावर दिसू लागले. सिस्को आणि प्रोकर्व्हमध्ये एकाच आज्ञेने ही दोन्ही कामे होतात, त्यामुळे त्यांची सवय असलेला माणूस नेमका इथे अडकतो.

प्रत्यक्ष जोडणी त्यांनी आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी केली. कार्यालयाला १०, कॅमेऱ्यांना २०, लूमच्या नोंदींना ३० आणि पाहुण्यांच्या वाय-फायला ४० असे क्रमांक दिले. सिस्कोचे व्हीटीपी, म्हणजे व्हीलॅनची यादी आपोआप पसरवणारी सोय, इतर कंपन्यांच्या स्विचना कळत नाही. म्हणून तिचा उपयोग न करता प्रत्येक स्विचवर व्हीलॅन हाताने तयार केले. सिस्कोचा पोर्ट पलीकडच्या यंत्राशी स्वतःहून वाटाघाटी करतो, तेही बंद करून त्याला कायमचा ट्रंक केला. जोडणीच्या दोन्ही टोकांचा टॅगशिवायचा व्हीलॅन एकच आहे ना, हे त्यांनी दोनदा तपासले. दोन्हीकडे सिस्को असेल तर फरकाचा इशारा मिळतो. वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये तो मिळेलच असे नाही, आणि मग दोन व्हीलॅन कोणाच्या नकळत एकमेकांत मिसळतात.

कार्यालय आणि लूमशेड यांतील अंतर तांब्याच्या केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने तिथे फायबर आहे, आणि एक जोडी राखीव म्हणून टाकलेली आहे. त्याच दोन स्विचमध्ये दोन वाटा असल्या की माहिती गोल फिरत राहून सगळे नेटवर्क बसण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी जादा वाट बंद ठेवून गरज पडल्यावरच उघडणारी स्पॅनिंग ट्री नावाची सोय असते. सिस्को मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक व्हीलॅनसाठी तिचा वेगळा हिशेब ठेवते, तर प्रोकर्व्हमध्ये ही सोय मुळात बंदच असते आणि सुरू केल्यावर तिचा एमएसटीपी हा प्रकार चालतो, ज्यात अनेक व्हीलॅनचा हिशेब एकत्र ठेवता येतो. इंजिनिअरांनी दोन्हीकडे एमएसटीपी लावले, त्यातील विभागाचे नाव व क्रमांक सारखे ठेवले आणि कार्यालयातील स्विचला मूळ स्थान दिले. नंतर माझ्यासमोर चालू फायबर उपसली. क्षणभर थांबून कॅमेऱ्यांची चित्रे राखीव वाटेने पुन्हा सुरू झाली.

सगळ्यात जास्त आवडली ती शेवटची चाचणी. काम झाल्यावर त्यांनी आमच्या इलेक्ट्रिशियन मामांना सांगून तिन्ही स्विचचा वीजपुरवठा पूर्ण बंद करायला लावला आणि पाच मिनिटांनी सुरू करायला लावला. सेटिंग लागू होणे आणि ते साठवले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज्ञा दिली की स्विच लगेच तसे वागू लागतो, पण साठवण्याची स्वतंत्र आज्ञा द्यायची राहिली तर वीज जाताच सगळे पुसले जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते हे सोलापूरकरांना सांगायला नको. तिन्ही स्विच परत आले तेव्हा तक्त्यातील प्रत्येक ओळ त्यांनी पुन्हा तपासली.

काही गोष्टी मला खटकल्या, त्याही लिहितो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दिलेली पहिली तारीख त्यांनी पुढे ढकलली आणि तसे आदल्या संध्याकाळी कळवले; आम्ही शेडमधील काम त्या हिशेबाने आखले होते. तिन्ही स्विचच्या सेटिंगची प्रत आणि पासवर्ड मला मागून घ्यावे लागले, ते कामाबरोबरच द्यायला हवेत. मूळ तक्ता फक्त इंग्रजीत होता. आमच्या शेडमध्ये तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसे अधिक आहेत, म्हणून मी हे बोलून दाखवल्यावर त्यांनी व्हीलॅनप्रमाणे पॅचकॉर्डचे (रॅकमधील आखूड जोडकेबलांचे) रंग ठरवून दिले: कॅमेऱ्यांना पिवळा, लूमला निळा, कार्यालयाला पांढरा. आता रॅकचे दार उघडून सुताचा तूस झटकताना एखादी केबल निघाली, तर ती कुठल्या रंगाच्या रांगेत परत लावायची हे कोणालाही कळते.

कामाला भेटीसकट तीन दिवस लागले. नुसत्या आज्ञा देणाऱ्यापेक्षा मजुरी जास्त पडली, पण एकही स्विच नवा घ्यावा लागला नाही, आणि जो बदलायला सांगितला होता तो आज सगळ्या लूमशेडचा भार वाहतो आहे. घरी किंवा दुकानात एकाच कंपनीचा एक स्विच असेल, तर एवढ्या खोलात जाणाऱ्या माणसाला बोलावण्याची गरज नाही. जिथे दोन-तीन कंपन्यांची यंत्रे आधीपासून बसलेली आहेत, त्या कारखान्यांनी, रुग्णालयांनी आणि शाळांनी यांना अवश्य बोलवावे.

त्यांनी तक्त्याच्या तळाशी आठ ओळी रिकाम्या सोडल्या होत्या. मागच्या आठवड्यात पॅकिंगच्या दारावर नवा कॅमेरा बसवला, तेव्हा त्यातली पहिली ओळ मी स्वतः भरली: पोर्ट ७, व्हीलॅन २०, अनटॅग्ड, पीव्हीआयडी २०. मग दोन्ही पाने भरली, साठवले, आणि वीज बंद करून पाहिली.