टाटा हॉस्पिटल, परळ : अण्णांच्या गिस्टच्या (पचनमार्गाच्या भिंतीत होणारी कॅन्सरची गाठ) ट्रीटमेंटचा अनुभव (५ पैकी ५)

अण्णांना शौचाला रक्त पडायचं. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून सात महिने मलम आणि गोळ्या दिल्या, एकदाही बोट घालून तपासलं नाही, याचा राग माझा अजून गेलेला नाही. दुसरीकडे कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) केली तर गुदाशयात अगदी खाली गाठ दिसली पण बायोप्सी नॉर्मल! ही गाठ आतड्याच्या अस्तरात नाही, भिंतीच्या स्नायूत असते, त्यामुळे वरवरचा तुकडा घेतला तर सापडत नाही, हे आम्हाला खूप नंतर कळलं. मग सुईने खोलातून तुकडा घेतला, रिपोर्टमध्ये फक्त 'स्पिंडल सेल ट्युमर', म्हणजे लांबट पेशींची गाठ, नेमकी कसली ते नाही, आणि तिथल्या सर्जननी सरळ सांगितलं की सगळा भाग काढून पोटावर शौचासाठी कायमची पिशवी लावावी लागेल. अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मग टाटाला गेलो. तिथे नुसता रिपोर्ट चालत नाही, स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही लागतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला नखाएवढा तुकडा. मे महिना होता, उन्हाने मेण वितळेल की काय म्हणून आख्खा एसटीचा प्रवास मी तो थंड पाण्याच्या बाटलीला लावून धरला होता. त्याच तुकड्यावर आयएचसी (पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखायची टेस्ट) केली, त्यात सीडी-११७ आणि डॉग-१ ही प्रथिनं पॉझिटिव्ह आली, म्हणजे गिस्ट. हा प्रकार जास्त करून जठरात नाहीतर लहान आतड्यात होतो, गुदाशयात क्वचितच. याला नेहमीची केमो किंवा रेडिएशन फारसं लागू पडत नाही. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून गाठ कुठे, शौच रोखून धरणारा स्नायू कुठे ते दाखवलं आणि म्हणाले, "काका, ऑपरेशनची घाई नको, आधी गोळीने गाठ लहान करू."

म्युटेशन टेस्ट (गाठीच्या जनुकात कुठला बदल आहे ते बघायची) झाली आणि इमॅटिनिब ही गिस्टवरची गोळी सुरू केली, ४०० मिलिग्रॅम, रोज एक, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर. डोळ्यांखाली सूज यायची, रात्री पायात गोळे यायचे, पण एमआरआयमध्ये गाठ आक्रसत गेलेली दिसली की अण्णा ते सगळं विसरायचे. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने या औषधावरचा नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला म्हणून आपल्या कंपन्यांची जेनेरिक गोळी मिळते, नाहीतर आमच्यासारख्यांनी शेत विकलं असतं.

नऊ महिन्यांनी ऑपरेशन झालं, गुदद्वारातूनच गाठ काढली, पिशवी लागलीच नाही. गोळी मात्र ऑपरेशननंतर तीन वर्षं चालू ठेवायला सांगितलीय.

गर्दी प्रचंड असते, देशभरातून लोक येतात, सकाळी लवकर पोचा. पैसे हॉस्पिटलच्या स्मार्ट कार्डात भरायचे. राहायला आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होतो, तिथल्या लोकांचे उपकार फिटणार नाहीत.

आणि बायोप्सी जिथे झाली असेल तिथून ब्लॉक आठवणीने मागून घ्या, आम्हाला त्यासाठी दोन खेपा पडल्या पण त्या नखाएवढ्या तुकड्यानेच अण्णांना पिशवीपासून वाचवलं.