साताऱ्यातलं पोवई नाक्याजवळचं ऑईलचं दुकान : आधी गाडीचं पुस्तक मागतात

माझी वॅगनआर २०१३ ची, पेट्रोल. मागच्या वर्षी एका गॅरेजवाल्यानं "जुनी गाडी हाय, जाड ऑईल टाकू, इंजिन गप बसंल" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं आणि मीपण मान डोलावली. झालं काय, थंडीत सकाळी स्टार्ट मारली की चार-पाच सेकंद टकटक टकटक, यवतेश्वरचा घाट चढताना गाडी नुसती कण्हायची, ॲव्हरेज पडलं ते वेगळंच.

म्हणून यावेळी ऑईल स्वतःच आणायचं ठरवलं. दुकानात गेलो आणि ऐटीत म्हणलं, फुल सिंथेटिक द्या, चांगल्यातलं. काका म्हणाले, "पुस्तक आणलंय का गाडीचं?" म्हणजे कंपनीनं गाडीसोबत दिलेलं माहितीपुस्तक, आरसी बुक न्हाई. डॅशबोर्डमध्ये पीयूसीच्या कागदाखाली सापडलं एकदाचं, त्यात ऑईलचा ग्रेड लिहिलेला ५डब्ल्यू-३०. मग काकांनी गिऱ्हाईक थांबवून समजावलं की डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा जेवढा कमी तेवढं ऑईल गार इंजिनात लवकर वर चढतं, आणि दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ऑईल किती जाड राहतं त्याचा. मी इतकी वर्षं डब्ल्यू म्हणजे वेट समजत होतो, असो.

पुढचा प्रश्न, "गाडी फिरती किती?" रोज कोडोली ते नाका आणि महिन्यातनं एकदा पुणे. "मग वर्षाला दहा हजार पण होत न्हाईत, आणि वर्ष झालं की बदलायचंच हाय, सेमी सिंथेटिक न्या की, कशाला पैसे घालवताय." गिऱ्हाईक महागडं मागतंय आणि दुकानदार स्वस्तातलं देतोय, हे साताऱ्यात मी तरी पहिल्यांदाच बघितलं. कॅनवर एपीआय (ऑईलच्या दर्जाची खूण) एसएन किंवा त्याच्या पुढचं, जसं एसपी, लिहिलेलं बघून घ्या म्हणाले, आणि बाईकचं ऑईल उरलंय म्हणून कारमध्ये ओतू नका (हे मी खरंच करणार होतो).

कॅन साडेतीन लिटरचा, माझ्या इंजिनात जातं तीनच्या आसपास. गॅरेजवाले अख्खा कॅन रिकामा करतात, तसं करायचं न्हाई, जादा झालं तर ऑईलला फेस येतो. गाडी सपाट जागेवर लावून, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) बघायची, ऑईल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे, वरच्या खुणेच्या वर न्हाई. ऑईल फिल्टर पण तिथंच मिळाला. आता सकाळची टकटक गेलीय, घाटात पण बरी चढते.

तक्रार एकच, पार्किंग अजिबात न्हाई, नाक्यावर गाडी लावायची म्हणजे लय कटकट, चालतच जा. आणि रिकामा कॅन भंगारवाल्याला देण्याआधी त्याला भोक पाडा, नायतर त्यातच डुप्लिकेट भरून विकतात. काकांनी तर माझ्यासमोरच एका कॅनला स्क्रूड्रायव्हर घातला.