एचपी-३८: पिस्तुलाच्या काडतुसांसाठी माझी पहिली पसंती
इथे टेक्सासात घरी ९ एमएम आणि .३८ स्पेशल काडतुसं भरणाऱ्यांना मी हॉजडन कंपनीची एचपी-३८ ही बंदुकीची पावडर निःशंक सुचवेन. दाणा बारीक, मापातून पाण्यासारखी सरकते. तराजूवर प्रत्येक माप जवळजवळ सारखंच. युनिक या दुसऱ्या पावडरच्या पातळ चकत्या मापात इतक्या एकसारख्या बसत नाहीत. विंचेस्टर २३१ म्हणजे वेगळ्या नावाची एचपी-३८च, त्यामुळे जी स्वस्त मिळेल ती घ्या. पौंडात ७००० ग्रेन (पावडर मोजायचं वजनाचं एकक), आणि काडतुसाला लागते चिमूटभर. डबा भरपूर पुरतो.

पण धोकाही तिथेच आहे. .३८ची पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) खोल, चुकून दुप्पट माप पडलं तरी वरून ओतू जात नाही, म्हणजे चूक दिसत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघाच. माप मात्र पावडर कंपनीच्या मापांच्या चालू तक्त्यातलंच, आणि सुरुवात सगळ्यात खालच्या आकड्यापासून.