ग्रामसभेत हात मोजायचे की एकमत होईस्तोवर बसायचं?

सामूहिक वनहक्क (गावानं मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा कायदेशीर हक्क) मिळालेलं गाव नियमावली लिहायला बसलं की पहिला वाद यावरच होतो.

बहुमताचा फायदा सरळ आहे. तेंदूपानांचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. हात वर झाले, ठेकेदाराचा दर ठरला. वनहक्काच्या नियमांत २०१२ पासून निम्मे सदस्य हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया आणि दाव्यांचा ठराव असेल तर निम्मे दावेदारही. पंचायतीच्या ग्रामसभेत मात्र कोरम (किमान हजेरी) मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते, आणि तहकूब सभेला तेवढाही नको. म्हणून पहिली सभा पडू द्यायची आणि दुसरीत आपली माणसं बसवून ठराव उरकायचा. हा डाव कोणत्या गावाला नवा आहे?

कोरम भरला तरी पेच सुटतोच असं नाही. भंडारा-गोंदियाकडचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव घ्या. धान वाळायला लागलं की शेतकऱ्याला शेवटचं पाणी हवं. मासेमारीवर जगणाऱ्या ढीवरांची मासोळी त्याच पाण्यात. ढीवरांची घरं मोजकी. हात मोजले तर दरवर्षी तेच हरणार, मग त्यांनी सभेला यावं कशाला?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात एकाचाही विरोध असला तरी निर्णय थांबतो. सुमारे १,८०० हेक्टरवर २००९ मध्ये मिळालेला वनहक्क, २०१३ चं ग्रामदान, हे सारं याच रीतीनं झालं. आपली जमीन ग्रामसभेच्या नावे करायचा निर्णय ५१ टक्क्यांवर टिकला नसता. पण मेंढा लहान, गोंडांचं गाव, आणि तिथे सभेआधी अभ्यासगटात विषय चघळला जातो. चार टोल्या (वाड्या) नि तीन पक्ष असलेल्या गावात एक हट्टी माणूस वर्षभर काम अडवू शकतो. शिवाय मागे गप्प बसलेल्या बायांना ‘सहमत’ धरून मोकळं होतात, ते वेगळंच.

माझं मत: दर, मजुरी, किरकोळ खर्च बहुमतावर सोडा, पण कोरम नसताना पैशाचा ठराव घ्यायचा नाही हे बंधन गावानं स्वतःच घालून घ्यावं. जंगल, जमीन, तलाव यांना सर्वसहमती. दोन बैठकांत गाडी अडलीच तर तीन चतुर्थांश मतं, आणि ज्यांचं पोट त्यावर चालतं त्यांच्यातले निम्मे तरी बाजूने हवेत. तरीही जो विरोधात राहील त्याचं कारण त्याच्याच शब्दांत नोंदवहीत लिहा आणि सही घेण्याआधी सभेत वाचून दाखवा.