भर दुपारी वाचता येणारी रंगसंगती : ‘मोडस ऑपेरांडी’

पुण्यात पश्चिमेच्या गॅलरीकडे पाठ करून कोड लिहिणाऱ्याला एप्रिल-मेच्या दुपारी काळ्या पार्श्वभूमीच्या एडिटरमध्ये (कोड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये) ओळींपेक्षा मागची गॅलरीच ठळक दिसते. अशा जागी उजळ थीमच, म्हणजे एडिटरची उजळ रंगसंगतीच हवी. परंतु उजळ थीम सौम्य दिसावी म्हणून अक्षरेही फिकी करण्याची रीत पडली आहे आणि मला ती मुळातच चुकीची वाटते. सोलराइज्ड लाइट या लोकप्रिय थीममध्ये मुख्य मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर जेमतेम ४.१:१ भरते.

प्रोटेसिलाओस स्टाव्रू यांनी इमॅक्स या एडिटरसाठी घडवलेली ‘मोडस ऑपेरांडी’ ही थीम हे गुणोत्तर किमान ७:१ ठेवण्याचा नेम पाळते. डब्ल्यूसीएजी या वेबसाठीच्या सुलभता निकषांतील ‘ट्रिपल ए’ ही सर्वांत कडक पातळी साध्या मजकुरासाठी हेच मागते. २०२२ मध्ये आलेल्या इमॅक्स २८ पासून ही थीम सोबतच मिळते.

लाल, हिरवा आणि निळा या तीन मूळ रंगांपैकी पांढऱ्यावर सांभाळायला सर्वांत अवघड म्हणजे हिरवा. उजळपणाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के आणि निळ्याचा फक्त ७ टक्के धरला जातो. त्यामुळे शुद्ध निळा पांढऱ्यावर ८.६ गाठतो, तर शुद्ध हिरवा १.४ वरच अडकतो. म्हणून येथे हिरवा कढीपत्त्याच्या जून पानाइतका गडद केला आहे. कमेंटसाठी, म्हणजे कोडमधल्या माणसांसाठीच्या टिपांसाठी, ५९५९५९ या कोडचा राखाडी निवडला आहे, जो पांढऱ्यावर नेमका ७ भरतो. मराठीत कमेंट लिहिणाऱ्यांना याचे मोल लगेच कळेल, कारण फिकट राखाडीत आधी अनुस्वार आणि रफार हरवतात, आणि मग ‘अंक’ व ‘अर्क’ वेगळे ओळखण्यासाठी डोळे ताणावे लागतात.

या काटेकोरपणाची किंमत आहेच. सगळेच रंग गडद झाल्यामुळे निळा, जांभळा आणि काळा एकमेकांच्या जवळ येतात, आणि बारीक रेषेच्या फॉन्टमध्ये त्यांतला फरक पुसट होतो. कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) ठळक आणि कमेंट तिरक्या करण्याच्या सोयी थीममध्ये आहेत. त्यांपैकी पहिली अवश्य वापरावी, दुसरी मात्र मी बंद ठेवते, कारण देवनागरीला ओढूनताणून आणलेला तिरकेपणा शोभत नाही आणि वाचनही अडखळते. फॉन्टही किंचित जाड घ्यावा.

शुभ्र पांढरा ज्यांना खुपतो त्यांच्यासाठी इमॅक्स ३० पासून हलक्या मातकट छटेची ‘टिंटेड’ आवृत्ती आहे. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठीची ‘ड्यूटेरानोपिया’ आवृत्ती डिफमधील (कोडच्या दोन आवृत्त्यांच्या तुलनेतील) बदल निळ्या-पिवळ्यात दाखवते. टीममध्ये असा कोणी सहकारी असेल, तर पडदा शेअर करून कोड तपासताना सर्वांनी तीच लावावी.